शाकिर न्हाव्याची वाटी

शाकिर न्हाव्याबद्दल मी काही गोड बोलेन अशा आशेने कुणी इथे बसलं असेल, तर त्याने आत्ताच उठावं. तुर्कस्तानातल्या अंतेपच्या तांबट बाजारात माझं कल्हईचं दुकान आहे, आणि रस्त्यापलीकडे, बरोबर समोर, त्याचं. मधे नऊ पावलांचं अंतर. ही नऊ पावलं मी सत्तावीस वर्षं ओलांडली नाहीत. त्यानेही ओलांडली नाहीत.

त्याचं कारण माझ्या भट्टीवर, भिंतीला टांगलंय. माझ्या लग्नाचा फोटो. त्यात सगळे पुरुष कोट घालून उभे आहेत आणि माझा बाप, दुर्दू कल्हईवाला, एकटा शर्टावर.

नवरदेवाची दाढी म्हणजे आमच्याकडे अर्धं लग्नच. ढोल-सनई न्हाव्याच्या दारात येते, मित्र नाचतात, आणि न्हावी एक गाल झाला की हात थांबवून म्हणतो, "वस्तरा चालत नाही." मग नवऱ्याच्या माणसांनी खुर्चीच्या हातावर काहीतरी ठेवायचं. ते ठेवलं की वस्तरा चालायला लागतो. सगळे हसतात, चहा होतो, झालं. माझ्या वेळी शाकिरने वस्तरा तीनदा थांबवला. पहिल्यांदा बापाने पैसे ठेवले. दुसऱ्यांदा उरलेसुरले ठेवले. तिसऱ्यांदा त्याच्या खिशात काही नव्हतं, आणि शाकिर अख्ख्या बाजारासमोर दात काढून म्हणाला, "दुर्दू उस्ता, अजून अडतोय बघ." बापाने अंगातला कोट काढला, त्या लग्नासाठी शिवलेला, आणि खुर्चीच्या हातावर ठेवला. लोक हसले. मी अर्ध्या दाढीने बसलो होतो, गळ्याशी वस्तरा होता, मी काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी शाकिरने कोट घडी घालून परत पाठवला. म्हणे थट्टा होती. बापाने तो पुन्हा अंगाला लावला नाही, आणि मी दोन शपथा घेतल्या. त्याच्या खुर्चीत बसणार नाही आणि त्याच्या भांड्याला कल्हई करणार नाही. बाजारातले बाकीचे न्हावी सगळे त्याचेच चेले, म्हणून मी दाढीच वाढवली. छातीपर्यंत आली होती. भट्टीपाशी दोनदा पेटलीसुद्धा.

आता माणूस कसा होता ते सांगतो, खोटं बोलायची मला गरज नाही. निझिपकडच्या कुठल्याशा खेड्यातून नऊ वर्षांचं पोरकं पोर म्हणून आला. मुस्लुम नावाच्या न्हाव्याने त्याला ठेवून घेतलं, खुर्चीखाली झोपायला जागा दिली. मुस्लुम मेला तेव्हा दुकान, चामडी पट्टा आणि फेस करायची एक तांब्याची वाटी शाकिरला मिळाली. शाकिरने दात उपटले, जळवा लावल्या, अर्ध्या बाजाराच्या पोरांची सुंता केली. हात हलका होता, हे मी लिहून देतो. चाळीस वर्षांत त्याने कुणाच्या गालावर रक्ताचा ठिपका काढला नाही. जीभ मात्र वस्तऱ्याहून वाईट. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की सुरुवात, "हे नाक आहे की दाराची कडी? बाजूला धर, मला मिशीपर्यंत पोचायचंय." लोक पैसे देऊन शिव्या खायला का जायचे, देव जाणे. माझा स्वतःचा मुलगा इल्यास जायचा. सतराव्या वर्षी पहिली दाढी त्याने तिथेच केली, माझ्या नाकासमोर.

शाकिरचा सगळा डोलारा एका साबणावर उभा होता. हिरव्या कागदातली कांडी, वर करकोच्याचं चित्र. ओल्या गालावर कांडी घासायची आणि ब्रश थेट तोंडावर फिरवायचा, की लोण्यासारखा फेस. वाटी लागायचीच नाही. मुस्लुमची वाटी त्याने शोभेला खिळ्यावर टांगली होती. मुस्लुमही तोच साबण वापरायचा. शाकिर म्हणायचा, मला चेहरे ओळखता येत नाहीत, मला करकोचा कळतो.

इल्यासचं लग्न झालं त्या वर्षी, थंडी सरता सरता, माल घेऊन येणारा विक्रेता रिकाम्या हाताने आला. मी भाता मारत होतो, तरी मला सगळं ऐकू आलं. शाकिर बोलला की अर्ध्या बाजाराला ऐकू येतंच.

"कारखाना बंद झाला, काका. मालकाच्या पोरांनी जमीन विकली."

"जमीन विकली तर विकली. साबण का विकला नाही?"

"साबणच नाही उरला, काका. करकोचा संपला."

"मग तू कशाला उरलास? चालता हो! पेटी घे आणि चालता हो!"

पेटी रस्त्यावर आली. तिच्यामागे विक्रेता आला. मी भाता थांबवला आणि मनापासून हसलो. बरेच महिने असा हसलो नव्हतो.

मग त्याची शोधाशोध सुरू झाली. आधी ट्यूबमधली मलई आणली. ती गालावर सुकून चुन्यासारखी पडायला लागली. मग डब्यातून फुसकन निघणारा फेस. तो त्याने एकदाच दाबला, हातावर पडलेल्या त्या ढिगाकडे बघितलं आणि डबा गल्लीतल्या मांजराच्या दिशेने फेकला. "हा दाढीचा साबण? ह्याने तर केक सजवतात!" मग निझिपचा ऑलिव्हचा साबण किसून बघितला, त्याला फेसच येईना. जर्मनीत गेलेल्या एका चेल्याने लाकडी डबीतली गोल वडी पाठवली. शेवटी अंताक्याहून तमालपानाच्या तेलाचा हिरवा साबण आला, त्याच्या पोतडीभर वड्या.

आता वडी असो की कीस, तो गालावर घासता येत नाही. तो भिजवावा लागतो, घोळवावा लागतो. म्हणून शाकिरने खिळ्यावरची मुस्लुमची वाटी खाली काढली. रात्रभर साबण त्यात भिजत ठेवायचा, सकाळी त्यावर ब्रश फिरवायचा, दुपारी वाटी विसळून खिडकीत वाळत घालायची. तिचं तोंड माझ्या दुकानाकडे.

तिसऱ्याच दिवशी मला दिसलं. आतून वाटी लाल होती. कल्हई कधीच उडाली होती, बहुतेक मुस्लुमच्याच काळात, आणि कडेला हिरवी रेघ धरली होती. आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, असल्या भांड्यात ठेवलेलं काहीही कळकतं, तांब्याचं विष उतरतं त्यात. ताक कळकतं, सार कळकतं. पण साबण कळकेल हे कुणाच्या डोक्यात येणार? लोकांनी घरातली तांब्याची भांडी कधीच मोडीत काढली, ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिक आणलं. शाकिरच्या डोळ्यांत मोतीबिंदू. आणि तमालपानाचा साबण मुळातच हिरवा, त्यात आणखी हिरवट काही उतरलं तर कळणार कसं?

मला कळलं, आणि मी गप्प बसलो. गप्प बसलो एवढंच नाही, मला आनंद झाला. तो आनंद मी कुणालाही सांगितला नाही. रोज दुपारी ती वाटी खिडकीत आली की मी चहा मागवायचो आणि तिच्याकडे बघत प्यायचो.

आठवड्याभरात बाजारात लाल गाल फिरायला लागले. निवृत्त मास्तर रेम्झी होजाच्या मानेवर इतके फोड आले की त्याला कॉलरचं बटण लावता येईना. चहाच्या दुकानात त्याने शाकिरला सगळ्यांसमोर गाठलं.

"शाकिर, चाळीस वर्षं तुझ्याकडे येतोय. रात्रभर आग आग होते रे."

"साबण बदललाय, होजा. सवय होईल."

"सवय? मला मरायची सवय व्हायची वेळ आली, आता साबणाची कुठली करू?"

शाकिर नुसता साबण बदलत राहिला. कधी ही वडी, कधी तो कीस, कधी दोन्ही एकत्र. वाटी तीच. साबण सगळे बिचारे निर्दोष होते, आणि तो सगळ्यांना शिव्या देत होता. एकेक गिऱ्हाईक वरच्या अंगाला त्याच्याच चेल्याच्या, जेलालच्या, नव्या दुकानात सरकलं. जूनपर्यंत शाकिर दिवसाला दोन डोकी करत होता. एका संध्याकाळी तो चहाच्या दुकानात उभा राहून म्हणाला, "रविवारी इल्यासची नवरदेवाची दाढी आहे. तेवढी करतो. त्या पोराचा गाल भाजला, तर सोमवारी दुकानाला कुलूप. किल्ली नाल्यात." असं म्हणून तो गेला. कुणी त्याला नको म्हटलं नाही.

म्हणजे माझ्याच पोराच्या गालावर त्याचं दुकान टांगलं होतं. मी घरी जाऊन इल्याससमोर बसलो.

"जेलालकडे जा. तिथे आरसे आहेत, पंखा आहे."

"मी शाकिर उस्ताला शब्द दिलाय, बाबा."

"त्याच्याकडे तोंडं भाजतायत. मास्तरची मान बघितलीस ना?"

"म्हणून तर जायचं. आता आपणच नाही गेलो तर कोण जाईल?" मग तो हसून म्हणाला, "भांडण तुमचं आहे. गाल माझे आहेत."

माझी बायको नाजिये भेंडीचं देठ काढत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला एवढी काळजी आहे, तर तोंडं कशाने भाजतात ते जरा शोधा ना. भांड्यांतलं तुम्हाला कळतं, साबणातलंही कळेल." मी उठून बाहेर गेलो. वाटीचं सांगायचं म्हणजे कधीपासून ठाऊक आहे तेही सांगावं लागलं असतं. मला वाटलं, शनिवारी बोलू. शनिवारी वाटलं, रविवारी सकाळी बोलू.

रविवारी ढोल आला. इल्यास खुर्चीत, गळ्यापासून पांढरी चादर, मित्र दारात एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून नाचतायत. शाकिरने नवा शर्ट घातला होता. मी माझ्या उंबऱ्यावर उभा होतो. रात्रभर भिजलेल्या साबणावर त्याने ब्रश फिरवला, तो उचलला आणि इल्यासच्या डाव्या गालावर टेकवला. गाल हिरवट पांढरा झाला. शाकिरने वस्तरा उघडला.

"थांब!" मी ओरडलो. "वस्तरा खाली ठेव!"

सगळ्या माणसांनी माझ्याकडे वळून बघितलं, आणि एकच हशा पिकला. "अरे, बापच वस्तरा अडवतोय!" "मेमिक, तू उलटं करतोयस, तू पैसे द्यायचेत!" "सत्तावीस वर्षांचं व्याज मागतोय तो!" ढोलवाल्याला चेव आला, तो आणखी जोरात वाजवायला लागला. मी ओरडत होतो आणि ते नाचत होते. शाकिरलाही थट्टाच वाटली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याकडे बघून हसला, आणि वस्तरा गालाकडे नेला.

मी नऊ पावलं ओलांडली. कशी ते आठवत नाही. माणसं ढकलून आत गेलो, त्याच्या हातातून वाटी हिसकली, आतला साबण जमिनीवर आपटला आणि अंगठ्याने तळ पुसून वाटी उजेडात धरली.

"बघा! कल्हई नाही हिला. नुसता तांबडा पत्रा आहे. साबणाचा काही दोष नाही, कुठल्याच साबणाचा नव्हता. ह्यात कळकतोय तो!"

ढोल थांबला. शाकिरने वाटी माझ्या हातातून घेतली, डोळ्यांजवळ नेली, कडेवरच्या हिरव्या रेघेवरून बोट फिरवलं. मग त्याने वाटीकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"तुला कधी कळलं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. आत्ता कळलं, असं म्हणालो असतो तर लोकांनी मला खांद्यावर घेतलं असतं. पण माझी भट्टी समोर होती, खिडकी समोर होती, आणि रेम्झी होजा दारात उभा होता, मानेला फडकं बांधून.

"तिसऱ्या दिवशी," मी म्हणालो.

"मार्चमध्ये?"

"हो."

"आणि तू तिथे बसून चहा पीत होतास." हे त्याने विचारलं नाही, नुसतं म्हटलं. माझा मुलगा आरशातून माझ्याकडे बघत होता. त्या नजरेबद्दल मी इथे काही सांगणार नाही.

मला वाटलं शाकिर आता तोंड सोडेल. मी वाट बघत होतो, खरं सांगायचं तर मला त्या शिव्या हव्या होत्या. त्याने इल्यासचा गाल गरम पाण्याने दोनदा धुतला, कोरडा केला. मग वाटी माझ्या छातीवर दाबून म्हणाला, "जा, कल्हई करून आण. नवरदेव थांबलाय."

मी भट्टी फुलवली. वाटी वाळूने घासली, तापवली, नवसागर टाकला, धुराने डोळे भरले. कथील कडेला टेकवलं, विरघळलं, कापसाच्या बोळ्याने आतून फिरवलं. त्या वाटीएवढं लहान भांडं म्हणजे दहा मिनिटांचं काम. सत्तावीस वर्षं नाही म्हटलेलं काम दहा मिनिटांत झालं, आणि अख्खा बाजार मला ते करताना बघत होता. पाण्यात बुडवली तेव्हा ती रुप्यासारखी पांढरी निघाली.

शाकिरने तमालपानाची नवी वडी काढली, किसून त्यात घोळवली. फेस आला. आधी त्याने तो स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावला आणि आम्ही सगळे त्याच्या मनगटाकडे बघत बसलो. मग त्याने इल्यासची दाढी करायला घेतली. इतकी सुरेख दाढी त्याने करकोच्यानेही केली नसेल. झालेल्या गालांवर लिंबाचं कोलोन लावलं तरी इल्यासने डोळासुद्धा मिचकावला नाही. ज्या साबणासाठी त्याने एवढी शोधाशोध केली, तो तीन महिन्यांपासून त्याच्या फडताळात पडला होता.

फक्त हनुवटीखाली शेवटचा हात उरला होता. शाकिर थांबला. "वस्तरा चालत नाही," तो म्हणाला.

सगळे हसले, सुटल्यासारखे हसले. मी खिशात हात घातला.

"पैसे ठेव खिशात," तो म्हणाला. "हा उठला की तू बस."

मी बसलो. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? त्याने आधी माझी दाढी कात्रीने कापली, छातीवरची, मग गालावरची. मग त्याच वाटीतून फेस घेतला आणि उजवा गाल स्वच्छ केला, मिशीच्या कडेपासून गळ्यापर्यंत. जळलं नाही. रक्ताचा ठिपका आला नाही. मग त्याने वस्तरा पुसला, मिटला आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "वस्तरा चालत नाही, मेमिक."

मला काय करायचं ते ठाऊक होतं. मी उभा राहिलो, अंगातला कोट काढला आणि खुर्चीच्या हातावर ठेवला. त्याने तो उचलला, झटकला आणि माझ्या खांद्यांवर परत घातला.

"कोट घाल. तुझ्या बापाचा कोट मी एक रात्र ठेवला, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. तू तीन महिने झोपत होतास." आणि दाराकडे वळून ओरडला, "ढोल वाजवा रे! पोराची नवरी वाट बघतेय!"

वस्तरा त्याने पुन्हा उघडला नाही. मी तसाच अर्ध्या दाढीने घरी गेलो तेव्हा नाजियेने एकदा बघितलं आणि आत जाऊन माझ्या थोरल्या मेव्हण्याचा वस्तरा घेऊन आली. "बसा इथे. पाच मिनिटांचं काम. अशा अवताराने मांडवात येणार आहात का?"

"येणार आहे," मी म्हणालो.

"लोक विचारतील."

"विचारू दे. सांगेन."

लोकांनी विचारलं. नवरीच्या आजीनेसुद्धा विचारलं. प्रत्येकाला मी पहिल्यापासून सांगितलं, वाटीचं, खिडकीचं, चहाचं.

शाकिरचं दुकान चालू आहे. रेम्झी होजा परत गेला, बाकीचेही गेले. वाटी दर सहा महिन्यांनी माझ्याकडे येते, मी कल्हई करतो, आणि आम्ही एकमेकांशी अजून बोलत नाही. भट्टीवर आता दोन फोटो आहेत. एकात माझा बाप कोटाशिवाय उभा आहे, दुसऱ्यात मी अर्ध्या दाढीने. लाज वाटावी असं बापाने काहीच केलं नव्हतं.